पनवेलच्या बागा, दोन मुलं आणि एक ओरडा

पनवेलला दोन दिवस फिरायला जातेय म्हटल्यावर ऑफिसातला जो तो मला एकच गोष्ट विचारत होता, "पनवेलला? तिथे फक्त गाडी बदलतात ना?" लोकांच्या डोक्यात पनवेल म्हणजे गोव्याला जाताना चहा प्यायचं ठिकाण. गेल्या वर्षापर्यंत माझ्याही डोक्यात तेच होतं, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की मी आणि माझा साडेपाच वर्षांचा मुलगा ओजस सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या बागा पालथ्या घालतो. घसरगुंडी उन्हात किती तापते, झोक्याखाली वाळू आहे की फरशी, जवळपास स्वच्छ शौचालय आहे की नाही, हे सगळं मी इथे लिहिते. या वेळी मात्र बागा हे निमित्त होतं, ते आधीच सांगून टाकते. मी दुसऱ्या लग्नाच्या विचारात आहे आणि तो माणूस पनवेलचा आहे. निलेश त्याचं नाव, खांदा कॉलनीत राहतो. मी चिंचवडला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात खरेदी बघते आणि तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे विक्री बघतो. कित्येक वर्षं आम्ही फोनवर अँगल, चॅनेल आणि पत्र्याच्या भावावरून हुज्जत घातली आणि त्यातून हे झालं. हसायचं त्यांनी हसून घ्या.

निलेशची बायको तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. त्याला तन्वी नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. माझा घटस्फोट झाला तेव्हा ओजस रांगत होता. आता मोठ्यांचं सगळं ठरल्यात जमा होतं, पण एका गोष्टीवर आम्ही दोघं ठाम होतो, मुलांचं जमलं नाही तर लग्न नाही. "होईल हळूहळू सवय" हा प्रकार आम्हाला दोघांनाही मान्य नव्हता. आणि मुलांना सोफ्यावर समोरासमोर बसवून "हं, बोला आता एकमेकांशी" म्हटलं की ती मुकी होतात हा माझा अनुभव आहे. म्हणून मीच सुचवलं की दोन दिवस बागांमधून फिरू, मुलांचं आपोआप कळेल.

शनिवारी सकाळी निगडीहून मुंबईकडे जाणारी बस पकडली. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या बहुतेक गाड्या पनवेल गावात शिरत नाहीत, कळंबोलीला महामार्गावरच उतरवतात. मुलं आणि सामान बरोबर असेल तर कंडक्टरला आधीच सांगून ठेवा आणि आवरून दाराशी या, नाहीतर अर्धी पिशवी आत राहते. तिथून रिक्षा मिळतात, भाडं बसण्याआधी ठरवा. आम्हाला न्यायला निलेश गाडी घेऊन आला होता. तन्वी पुढच्या सीटवर बसलेली होती आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

इथे माझ्याबद्दल एक खुलासा. मी तोंडाळ बाई आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलून बोलून आवाजही तसाच झालाय. पण त्या दिवशी मी घरून ठरवूनच निघाले होते की तन्वीशी फक्त गोड बोलायचं. आई गेलेली पोर, तिला आपण काय बोलणार? त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या मी "अगं बाई, किती छान क्लिप आहे गं तुझी" असं सुरू केलं. ओजस माझ्याकडे टकामका बघायला लागला. "आई, तू अशी का बोलतेयस?" त्याने विचारलं. मी त्याला चिमटा काढला.

पहिला थांबा जुन्या पनवेलमधला वडाळे तलाव. जुनं पनवेल हे तळ्यांचं गाव आहे. बंदर होतं, बाजारपेठ होती, घाटावरून बैलगाड्या उतरायच्या, त्या काळापासून ही तळी गावात आहेत. वडाळ्याभोवती आता चालायला छान रस्ता केलाय, बसायला बाकं आहेत. सकाळी लवकर गेलात तर आजी-आजोबांची वर्दळ असते, ऊन चढलं की तळं मोकळं मिळतं. मुलांना सायकल किंवा स्कूटर चालवायला उत्तम जागा, फक्त पाण्याच्या बाजूला लहान मुलांचा हात सोडू नका. पाण्यात पाणकावळे बुड्या मारत होते. एक बुडाला की तो कुठून वर येईल यावर निलेश आणि ओजसची पैज लागली. तन्वी आमच्या बरीच पुढे एकटी चालत होती. मी चालता चालता तिला गाठलं आणि विचारलं, "तुला कुठला पक्षी आवडतो गं?"

"कुठलाच नाही," ती म्हणाली. तिने चाल वाढवली.

तिथून नवीन पनवेलला आलो. इथे सेक्टरवार बागा आहेत, लहान लहान, घरांच्या मधोमध. आम्ही गेलो त्या बागेत झाडांची सावली भरपूर, दोन घसरगुंड्या, झोके आणि एक जुना लोखंडी सीसॉ. अशा बागा दुपारी बंद असतात, हे लक्षात ठेवूनच बेत आखा. आम्ही पोहोचलो तेव्हा बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि वॉचमनकाका शिट्टी गळ्यात अडकवून तयारीतच होते.

सीसॉवर एका टोकाला ओजस, दुसऱ्या टोकाला तन्वी. तन्वी जड, त्यामुळे ओजस वरच लटकलेला. त्याला मजा वाटत होती, तो पाय हलवत होता. आणि तन्वी मध्येच उठून चालती झाली. ओजस धाडकन खाली आला. लागलं फार नाही, पण बूड चांगलं शेकलं. एरवी असं कुणाच्या पोराने केलं असतं तर मी बाग डोक्यावर घेतली असती. पण मी काय म्हटलं असेल? "असू दे हं बेटा, चुकून झालं."

तन्वीने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही. ओजस मात्र बूड चोळत म्हणाला, "मी असं केलं असतं तर तू मला धपाटा घातला असतास." खरं होतं. निलेश बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, ती सुटलेली नव्हती.

दुपारी निलेशच्या घरी जेवलो. त्याची आई, मी त्यांना काकू म्हणते, मूळची उरणकडची. शेती आणि मिठागरं प्रकल्पात गेली, पण बोलणं गावचंच राहिलंय. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि सुका जवळा. मी तिसरी भाकरी घेतली तशा त्या खूश झाल्या. "आमी लय तिखट नाय करत, पोरा खातील," असं म्हणून ओजसच्या ताटात गुळाचा खडा ठेवला. तन्वीने बिरड्याला हात लावला नाही. कुणीही तिला काही म्हटलं नाही. काकू उठल्या आणि तिला अंडं तळून दिलं. तन्वीने तेही अर्धं टाकलं आणि टीव्ही लावला.

संध्याकाळी खांदा कॉलनीतल्या मैदानावर गेलो. ज्यांना मुलांसाठी "ॲक्टिव्हिटी" हवी असते त्यांनी एकदा अशा मैदानावर येऊन बघावं. काही नाही तिथे. एक पाण्याची टाकी, चार-दोन उभे टेम्पो, जिन्याखालची जागा, आणि पंधरा-वीस पोरं. जानेवारीचे दिवस होते, त्यामुळे मैदानाच्या कोपऱ्यात मोठ्यांनी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डा या रानझुडपाचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ भरायचं, तोंड पाल्यानेच बंद करायचं आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. रायगडात थंडीत आलात आणि पोपटी न खाता गेलात तर आलात कशाला?

पोरांचा लपंडाव सुरू होत होता. "ए तन्वी, हा कोण? तुझा कझिन?" एकाने विचारलं. "पुण्याचा आहे," तन्वी म्हणाली, तेवढंच. आणि इथे मी नको तेवढा मायेचा पदर पसरला. मी लांबून ओरडून सांगितलं, "मुलांनो, ओजस लहान आहे, त्याला लिंबूटिंबू घ्या हं."

लिंबूटिंबू कुणाला माहीत नाही? खेळात असतो पण नसतो. त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही, पडला तर सगळे थांबतात. मला वाटलं मी फार समजूतदार आई आहे. दोन डाव झाले आणि ओजस एका टेम्पोमागून रडत बाहेर आला. मी धावले. कुठे लागलं का, कुणी मारलं का? तो हुंदके देत म्हणाला, "मला कुणी शोधतच नाहीये. त्या दादाने मला बघितलं आणि तो तसाच पुढे गेला."

मी त्या दादाला झापायला निघणार तेवढ्यात तन्वी मध्ये आली. दिवसभरात पहिल्यांदाच ती माझ्याशी आपणहून बोलली, आणि चिडून बोलली. "तुम्हीच सांगितलंत ना मावशी, लिंबूटिंबू घ्या म्हणून? मग त्याला कोण शोधणार? काही मजा नसते लिंबूटिंबूला. मला माहितीये." मग ओजसकडे वळून, "पक्का खेळणार? राज्य आलं तर रडायचं नाही." ओजसने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि मान हलवली.

पुढच्याच डावात त्याच्यावर राज्य आलं. टाकीला तोंड लावून त्याने त्याला येतात तेवढे आकडे म्हटले, एकोणतीसनंतर वीसदहा म्हणाला, पोरं हसली, आणि मग जवळजवळ अर्धा तास तो एकेकाला शोधत मैदानभर फिरत होता. दोनदा धप्पा खाल्ला आणि पुन्हा राज्य घेतलं. रडला नाही. पोपटी उघडली तेव्हा तन्वी आणि तो एकाच कागदावरच्या शेंगा सोलून खात होते. मला इतकं बरं वाटलं की मी अंडं सोलायचं विसरून तसंच तोंडात घातलं.

रविवारी कर्नाळा. पनवेलहून पळस्पे फाट्यावर गोव्याच्या रस्त्याला लागायचं, गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. अभयारण्याच्या फाटकावर पिशव्या तपासतात, त्यामुळे प्लास्टिक कमीत कमी न्या आणि खाण्याचं डब्यात न्या. तिकीट किरकोळ आहे. किल्ल्याची चढण लहान मुलांना झेपणारी नाही, पण खालची पायवाट अगदी आजीसकट करता येते. काकू आमच्या पुढे चालत होत्या. झाडीत एक काळा पक्षी दिसला, शेपटीला दोन लांब दोरे आणि टोकाला गोंडे. निलेश म्हणाला, हा भृंगराज. ओजस म्हणाला, "त्याच्या शेपटीत पतंगाचा मांजा अडकलाय." तन्वी खदखदून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. समोरचे दोन दात थोडे पुढे आहेत, निलेशसारखे.

बाहेर आलो. निलेश गाडी आणायला गेला, काकू आणि मी मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला थांबलो. रस्त्यापलीकडे डोंगरवाडीतली एक बाई टोपलीत बोरं आणि चिंचा घेऊन बसली होती. "बोरं!" एवढंच तन्वी म्हणाली आणि पळत सुटली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ. तिच्यामागे ओजसही निघाला, त्याची कॉलर माझ्या हातात आली म्हणून थांबला. समोरून बंदराकडचा एक लांबलचक कंटेनर हॉर्न दाबत गेला. तो जाईपर्यंत मला पलीकडचं काही दिसत नव्हतं. तेवढा वेळ माझ्या आयुष्यात पुन्हा येऊ नये.

कंटेनर गेला. तन्वी पलीकडे टोपलीपाशी उभी होती, धडधाकट. मी ओजसला काकूंच्या हवाली केलं, रस्ता ओलांडला आणि तिचा दंड धरला. मग माझ्या तोंडातून जे सुटलं ते सुटलं.

"डोळे फुटलेत का गं? केवढी गाडी आली दिसली नाही? नऊ वर्षांची घोडी झालीस, अक्कल काय गहाण टाकलीस? तुझ्यामागे ते पोरगंही निघालं होतं. परत असा रस्त्यावर पाय टाकलास ना, तर तंगडं मोडून हातात देईन, सांगून ठेवते."

हे सगळं मी आई नसलेल्या मुलीला, ओळखीच्या दुसऱ्या दिवशी, हायवेच्या कडेला, तिच्या आजीच्या देखत बोलले. शेवटच्या वाक्याला माझं मलाच ऐकू आलं. तन्वीचा चेहरा पांढरा पडला होता. बोरंवाली म्हणाली, "आय बोलते ती बराबर बोलते, पोरी."

"माझी आई नाहीये ती," तन्वी म्हणाली.

बोरंवालीने मला खालून वर न्याहाळलं. "मंग येवढी कशाला चिडली?" मी बोरं घेतली, तन्वीचा हात घट्ट धरून परत अलीकडे आले आणि मनात म्हटलं, संपलं. दोन दिवसांची गोडी एका दमात धुतली. निलेशला काय सांगायचं, परतीची बस किती वाजता, असले विचार डोक्यात यायला लागले. ओजस बोरंसुद्धा मागेना, म्हणजे बघा.

गाडीत बसलो. तन्वी या वेळी मागे बसली, खिडकीशी. पळस्प्याच्या अलीकडे निलेशच्या लक्षात आलं की गाडीत काहीतरी बिनसलंय. "काय झालं?" त्याने आरशातून विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तन्वी म्हणाली, "मावशी मला ओरडल्या. खूप."

निलेशने गाडी हळू केली. "का?"

"मी न बघता रोड क्रॉस केला. मोठा कंटेनर आला होता." आणि तीच पुढे म्हणाली, "मग ओरडणारच ना, बाबा. त्या घाबरल्या होत्या. त्यांचा हात थरथरत होता."

मला रडू आलं. लाज वगैरे काही वाटली नाही, सरळ ओढणी तोंडाला लावून रडले. तन्वीने माझ्याकडे वळून विचारलं, "ओजसलापण तुम्ही असंच ओरडता?"

"याहून जास्त," ओजसनेच उत्तर दिलं. "एकदा चप्पल पण फेकलेली. लागली नाही."

काकू पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "हिची आय गेली तवापासून कोन हिला काय बोलला नाय. शाळेत नाय, घरान नाय. मी पन नाय. पोरीला वाटत असंल, आपन काय पन केला तरी चालतंय." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "आज बरा झाला."

मी तन्वीला आदल्या दिवशी सकाळपासून लिंबूटिंबू घेतलं होतं. सीसॉवर, जेवणात, सगळीकडे. तिला राज्य नको, तिला काही लागायला नको, तिचं काही मोजायला नको. आणि ती पोर तीन वर्षं वाट बघत होती की आपल्याला कुणीतरी शोधावं. हे मला मैदानावर कळायला हवं होतं, तिने तर तोंडावर सांगितलं होतं. माफी मागावी असं मनात आलं, पण तंगडं मोडण्याची धमकी सोडली तर बाकी माफी मागण्यासारखं मी काही बोलले नव्हते. म्हणून तेवढ्यापुरती मागितली. "तंगडं मोडणार नाही," मी म्हटलं. "माहितीये," ती म्हणाली आणि बोरांची पुडी माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळची बस कळंबोलीहूनच घेतली. परतीला रविवारी पुण्याकडे गर्दी असते, शक्यतो आधी जागा धरून ठेवा. ओजस खंडाळ्याच्या आधीच झोपला.

सोमवारी ऑफिसातून घरी आल्यावर हे सगळं लिहायला घेतलं आणि माझ्या लक्षात आलं की मी बागांचे फोटोच काढलेले नाहीत. वाचकहो, तुम्हाला पनवेलला मुलं घेऊन जायचं असेल तर जरूर जा. तळ्यावर सकाळी जा, बागांमध्ये संध्याकाळी, कर्नाळ्याला उन्हाच्या आधी. महामार्गाच्या कडेला मुलांचा हात धरा, फाटकातून बाहेर पडल्या पडल्या, गाडीत बसेपर्यंत. आणि मैदानावर गेलात तर आपली अक्कल न शिकवता बाकावर बसा.

एवढं लिहून डाळ फोडणीला टाकायला उठले तेवढ्यात निलेशचा फोन आला. फोन ओजसने घेतला, कारण पलीकडे तन्वी होती. मी डाळीला फोडणी देत होते, त्यामुळे अर्धंच ऐकू येत होतं. सुरुवातीला खुसखुस, मग ओजसचा आवाज चढायला लागला. "नाही, वरचा माझा. मी आधी म्हटलं. तुला खाली." मग पाय आपटल्याचा आवाज. मग तो फोन घेऊन स्वयंपाकघरात आला, डोळे भरलेले, नाक लाल.

"आई, ती म्हणतेय दुमजली पलंग आणला की वरती ती झोपणार. तिला ओरड."

कुठला पलंग? आम्ही अजून लग्नाची तारीख काढलेली नाही. घर चिंचवडला करायचं की पनवेलला तेही ठरलेलं नाही. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि फोन कानाला लावला. पलीकडून तन्वीचा आवाज घाईघाईने आला, "मावशी, आधी माझं ऐकून घ्या, मग कुणाला ओरडायचं ते ठरवा."